न घेतलेली चाचणी

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एका खोलीत या.

खोली लांबट आहे. पूर्वी इथे गालिच्यांचं गोदाम होतं, म्हणून खिडक्या पार छताजवळ आहेत आणि उजेड वरून तिरका खाली येतो. भिंतीला लोखंडी चकत्या टेकवून ठेवल्या आहेत. मोठ्या मागे, लहान पुढे, वर्गाचा फोटो काढताना तुम्हाला उभं करतात तशा. खोलीच्या मधोमध जाड फळ्यांचा चौकोन आणि त्यावर एक दांडा. त्या दांड्यापाशी उभे राहा. पाय एकमेकांपासून खांद्यांइतके लांब ठेवा. आता बसा, पण पाठ सरळ ठेवून. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली आहे असं समजा. दांडा धरा. उचला.

नाही उचलला? वाटलंच मला. तुम्ही हातांनी उचलायला गेलात. सगळेच जातात. हात म्हणजे इथे नुसते दोर. ओझं उचलतात ते पाय, आणि पाय उचलत असताना मन दुसरीकडे भटकत असेल तर दांडा जमिनीला चिकटल्यासारखा बसून राहतो.

हे सगळं त्या खोलीत एक बाई शिकवते. उंचीने बेताची, खांद्याने रुंद, बोलायला सावकाश. एके काळी ती आपल्या वजनाच्या मुलींत देशातली सगळ्यांत ताकदवान होती. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. तिच्या गळ्यात पदक घातलेला फोटो दारामागे आहे. दार उघडलं की फोटो झाकला जातो, आणि दार ती दिवसभर उघडंच ठेवते. तिची भाची तिथे शिकायला येऊ लागली आणि तिला 'मावशी' म्हणू लागली, म्हणून बाकीच्या मुलीही मावशीच म्हणू लागल्या. आपणही मावशीच म्हणू.

शेजारी एक चष्म्यांचं दुकान होतं. मुलींनी दांडा खाली टाकला की भिंत हादरायची. चष्मेवाला आठवड्यातून एकदा तरी दारात येऊन उभा राहायचा.

"बाई, तुमच्या पोरींनी दणका दिला की माझी गिऱ्हाइकं एकदम नाक मुरडतात."

"का बरं?"

"चष्मा घसरतो ना नाकावरून."

"मग घट्ट बसणारे चष्मे विका," मावशी म्हणायची, आणि तो मान हलवत निघून जायचा. भांडण असं कधी व्हायचं नाही. त्याची स्वतःची मुलगीही लहानपणी तिथे येऊन गेली होती.

आता दोन मुलींची ओळख करून देतो.

पहिली भाची. हिला सगळे बटण म्हणायचे. हिची आई कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात कामाला होती. तिथे दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ ढिगाने धुतले जायचे. लहानपणी ही आईबरोबर तिथे बसायची आणि यंत्रात सुटून पडलेली बटणं गोळा करायची. अंगानेही तशीच, लहानशी, गोल आणि टणक. बोलायची कमी. दांड्यापाशी गेली की आधी तळहात बघायची, मग दांडा बघायची, मग उचलायची.

दुसरी भोंगा. हे नाव का पडलं ते सांगायला नको. तिची आई बस चालवायची, आणि मुलगी त्या बसच्या हॉर्नवर गेली आहे असं सगळ्यांचं मत होतं. ही दांड्यालाही सोडायची नाही. "ऊठ की आता, किती लोळशील," असं त्याला दटावूनच ती वाकायची. उचलताना ओरडायची, उचलल्यावर ओरडायची, पडला तर सगळ्यांत जास्त ओरडायची.

दोघी एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या. हे महत्त्वाचं आहे, म्हणून नीट समजून घ्या. या खेळात हलक्या मुलीला भारी मुलीशी लढवत नाहीत. वजनाचे गट असतात. काट्यावर उभं राहायचं आणि सुई जिथे थांबेल त्या गटात उचलायचं. या दोघी एकाच गटात होत्या, आणि आंतरशहर स्पर्धेला एका व्यायामशाळेतून प्रत्येक गटात एकीलाच पाठवता येत होतं. कधी बटण वरचढ ठरायची, कधी भोंगा. अशा वेळी चाचणी घेतात. दोघींनी एकाच सकाळी, एकाच दांड्यावर उचलायचं. जी जास्त उचलेल ती जाईल.

स्पर्धेची नावं सांगायची होती त्या दुपारी मुलींनी चकत्या जागेवर लावल्या, फळ्या झाडल्या आणि ओळीत उभ्या राहिल्या. मावशीने एकेका गटातलं नाव सांगितलं. या गटापाशी आली तेव्हा ती तळहातांना लावायच्या खडूच्या डबीकडे बघत म्हणाली, "बटण जाईल."

भोंगाला वाटलं, काहीतरी राहून गेलं. "मावशी, आमची चाचणी कधी?"

"चाचणी नाही घेत आहे या वेळी."

"नाही घेत?"

"तुला अजून खूप वर्षं आहेत, भोंगा. पुढच्या वर्षी तू."

सगळ्या मुली भोंगाकडे बघायला लागल्या. आता छप्पर उडणार, असंच प्रत्येकीला वाटत होतं. भोंगाने मनगटाची पट्टी सोडली. तिची नीट गुंडाळी केली. ती कपाटात ठेवली, कपाट लावलं.

"येते, मावशी," ती म्हणाली, आणि गेली.

बटण बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग ती मावशीला म्हणाली, "ती काही बोललीच नाही."

"हो."

"ती शिंकतानासुद्धा बोलते, मावशी."

"समजूतदार आहे."

"मी तिच्यापेक्षा जास्त उचलते का?"

"तुझी पकड चांगली आहे."

"पकडीचं नाही विचारलं मी," बटण म्हणाली. मावशी कपाटाकडे वळली, तेव्हा तिने पिशवी उचलली आणि आईच्या दुकानाच्या रस्त्याला लागली.

खोली रिकामी झाली. मावशी फळ्यांच्या कडेला बसली. 'तुला अजून खूप वर्षं आहेत, पुढच्या वर्षी तू.' हे शब्द तोंडातून निघाले तेव्हाच तिला ते ओळखीचे वाटले होते. ते तिचे नव्हते. ते तिच्या प्रशिक्षकाचे होते, आणि ज्या मुलीला ते सांगितले गेले होते ती बटणची आई होती. मावशीची धाकटी बहीण.

तो काळ आता तुम्हाला सांगितला पाहिजे. तेव्हा मावशीला कुणी मावशी म्हणत नव्हतं. घरात ती थोरली आणि बहीण धाकटी. दोघी एकाच दांड्यावर वाढल्या. एक उचलायची तेव्हा दुसरी चकत्या चढवायची, मग अदलाबदल. त्यांच्या प्रशिक्षकांना मुली पाठीमागे काटेसर म्हणायच्या, कारण ते नुसत्या नजरेने वजन करायचे. "काल रात्री दुसऱ्यांदा वाढून घेतलंस," असं ते एखादीला दारातच सांगायचे, आणि ते खरं असायचं.

थोरली वरच्या गटात उचलायची, धाकटी खालच्या. दोघींचं बरं चाललं होतं. मग वरच्या गटात दुसऱ्या शहरातून एक मुलगी आली. तिने उचललेला आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा लिहिणाऱ्याचं चुकलं असं वाटून लोक हसले. चुकलं नव्हतं. काटेसर थोरलीला म्हणाले, "हिच्यापुढे तू आयुष्यभर दुसरी राहशील. वजन उतरव, खालच्या गटात ये."

"तिथे धाकटी आहे, सर."

"चाचणी घेऊ. घरातल्या घरात आहे, त्यात काय."

थोरलीने वजन उतरवायला घेतलं. म्हणजे उकडलेल्या भाज्या, अर्धं ताट, अंगात दोन दोन स्वेटर घालून पळणं. आणि शेवटच्या दिवसांत पाणीही मोजकं. मुलांनो, तुम्ही हे चुकूनही करू नका. त्या वेळी करायचे, आणि ते वाईटच होतं. पण सांगायचं ते पुढेच आहे. धाकटीला यातलं काही करायची गरज नव्हती. ती त्या गटात आरामात बसत होती. तरी ती बहिणीबरोबर स्वेटर घालून पळायची. बहीण अर्धं ताट जेवायची म्हणून तीही अर्धंच. बहीण पाणी पीत नाही, मग आपण कसं प्यायचं, असं तिला वाटायचं. आई ओरडायची, "एकीचं ठीक आहे, दुसरीला कसलं खूळ?" धाकटी म्हणायची, "ताईला एकटीला कंटाळा येतो."

चाचणीच्या सकाळी दोघी वजनाच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. बाहेर एक जुना काटा होता, मुलींनी आत जायच्या आधी आपलं आपण बघून घ्यावं म्हणून. धाकटी त्यावर उभी राहिली, उतरली. थोरली उभी राहिली, उतरली. सुई जवळजवळ एकाच जागी थांबली होती. धाकटीची केसभर मागे.

आणि त्या काळी नियम असा होता की दोघींनी सारखंच उचललं, तर जिचं वजन कमी ती जिंकली.

दोघी सारखंच उचलणार हे थोरलीला ठाऊक होतं. इतकी वर्षं एकमेकींच्या चकत्या चढवल्यावर ठाऊक असतंच. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. थोरली उठली, पेला भरला, बहिणीपुढे धरला.

"पी गं. तुला कुठे वजनाची भीती आहे? भोवळ येऊन पडशील."

धाकटीने पेला घेतला आणि एका दमात संपवला. मग दोघी आत जाऊन खऱ्या काट्यावर उभ्या राहिल्या.

दोघींनी सारखंच उचललं. शेवटचा दांडा दोघींनीही डोक्यावर नेला आणि दोघींचाही स्थिर राहिला. काटेसरांनी वजनाचा कागद बघितला आणि थोरलीचं नाव सांगितलं. मग धाकटीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "तुला अजून खूप वर्षं आहेत. पुढच्या वर्षी तू."

थोरली गेली आणि जिंकून आली. त्या वर्षी ती पहिल्यांदा विजेती झाली. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे लागले, म्हणजे उचललेलं मान्य झालं, सभागृह उठून उभं राहिलं, आणि चौथऱ्यावरून उतरताना कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. ती तिथे जरा थबकली. मग प्यायली. पुढच्या वर्षीही जिंकली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी कुणीतरी पेला पुढे करायचंच. आणि दर वेळी ती आधी थबकायची.

तिने खूप वेळा स्वतःला समजावलं. मुलगी तहानेली होती, मी पाणी दिलं. यात वाईट काय? बहिणीने बहिणीला पाणी द्यायचं नाही तर कुणी? हे ऐकायला बरं वाटायचं, पण काट्यावरची सुई तिने पाहिली होती, आणि पेला नंतर भरला होता. हा क्रम कितीही फिरवला तरी बदलत नव्हता.

धाकटीने मग खेळ सोडला. धुलाईच्या दुकानात लागली. ओल्या चादरी उचलून उचलून तिचे गुडघे गेले. दुकानाची गाडी चालवणाऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं. माणूस मोठा गमत्या. "आमच्या घरात जड सगळं ही उचलते, मी नुसता बाजूला हो म्हणतो," असं पाहुण्यांना सांगायचा. दोघी बहिणींचं जाणं-येणं होतं, आजारपणात एकमेकींच्या उशाशी बसणं होतं. दांड्याचं मात्र कुणी कधी नाव काढलं नाही. आणि धाकटीने एक दिवस मुलीला व्यायामशाळेच्या दारात आणून सोडलं, तेव्हा मावशीला वाटलं, आता संधी आहे. जे आईचं घेतलं ते लेकीला द्यावं.

म्हणून तिने चाचणी घेतली नाही. चाचणीत भोंगा जिंकली असती तर?

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं होतं तेव्हा दारात पावलं वाजली. धाकटी आली होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातांना साबणाचा वास. मागे बटण. बटण आत येऊन बाकावर बसली आणि एका जुन्या पट्टीची गुंडाळी करू लागली. म्हणजे मी ऐकत नाहीये, असं दाखवायला.

"ही काय म्हणते?" धाकटीने विचारलं. "जागा मिळाली म्हणते. चाचणी न होता."

"बस तरी आधी," मावशी उठत म्हणाली.

"बसले की उठायला त्रास होतो. उभीच बरी आहे. ताई, हिने उचलून मिळवली का जागा?"

"चांगली तयारी आहे तिची."

"दुसरीची नाही?"

मावशी खडूची डबी उघडू लागली.

"दुसरीची आहे," बाकावरून बटण म्हणाली.

"तू गुंडाळी कर," आई तिला म्हणाली. मग बहिणीकडे वळली. "का केलंस असं?"

मावशीने हातांवरचा खडू पुसला, मग पुन्हा पुसला. मोठमोठ्या सभागृहांत ती कधी घाबरली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "तुला आठवतं, आपल्या चाचणीच्या सकाळी मी तुला पाणी दिलं होतं?"

"आठवतं."

"मी आधी काटा बघितला होता."

"मीही बघितला होता," धाकटी म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "तुला कळलं होतं?"

"मी काय आंधळी होते? पेला कशासाठी आहे ते कळलं."

"मग प्यायलीस का?"

"तहान लागली होती," धाकटी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच थोडं हसू आलं. "आणि तू देत होतीस. तू दिलेलं मी कधी परत केलं होतं का? तुझे आखूड झालेले फ्रॉकसुद्धा घातले मी, गुडघ्यांच्या वर."

मावशीला हसता आलं नाही. "इतकी वर्षं मी त्या पेल्याचा विचार करते आहे. रोज नाही म्हणणार. पण सुटला नाही कधी."

"त्याचा करत बसलीस?" धाकटी भिंतीला टेकली. तिने गुडघा चोळला. "ताई, पाण्याचं मला एवढं नव्हतं गं वाटलं. त्या रात्री रडले, सकाळी विसरले. म्हटलं, पुढच्या वर्षी. काटेसर म्हणाले होते ना. मी वर्षभर उचललं. तू शिबिराला असायचीस, तू नव्हतीस बघायला. सकाळी झाडूवाल्याच्या आधी मी दार उघडायचे. त्या वर्षी मी तुझ्यापेक्षा जास्त उचलत होते."

"काय सांगतेस?"

"खोटं कशाला सांगू? आता काय मिळणार आहे मला?"

"कुणी सांगितलं नाही मला."

"तू विचारलं नाहीस." आवाज चढला नव्हता. चादरीची घडी घालतात तसं ती एकेक वाक्य ठेवत होती. "मी सरांना म्हटलं, चाचणी घ्या. ते म्हणाले, विजेतीची चाचणी कोण घेतं, तिची जागा ठरलेलीच असते. तिने स्वतः म्हटलं तर घेऊ. मग मी वाट बघितली. तू शिबिरावरून घरी आलीस. जेवायला बसलो. मला वाटलं, आता ताई म्हणेल, चल गं, एकदा पुन्हा दोघी उचलून बघू. तू म्हणालीस, मीठ दे जरा."

मावशीला ते जेवण आठवेना. तिने खूप प्रयत्न केला. टेबल आठवलं, दिवा आठवला, आपण थकून आलो होतो हे आठवलं; बहिणीचा चेहरा काही आठवला नाही. बघितलाच नसेल तर आठवणार कुठून?

"त्याच्या पुढच्या वर्षी पण बघितली वाट," धाकटी म्हणाली. "मग नोकरी धरली."

मावशी फळ्यांच्या कडेवर खाली बसली. जन्मभर ती ज्या चुकीशी झुंजत होती ती लहान होती, आणि मोठी चूक तिच्या नजरेसमोरून कधी गेलीच नव्हती. पहिलं पदक तिने निदान उचलून आणलं होतं, बरोबरीने. पुढची दोन? ती कुणाची होती, हे आता कुठलाच दांडा सांगू शकणार नव्हता. धाकटीचे गुडघे गेले होते. तिचा स्वतःचा डावा हात कपाळाच्या वर जात नव्हता. त्या दोघींची चाचणी आता कधीच होणार नव्हती.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"माझ्यासाठी काही करू नकोस. ते राहिलं ते राहिलं." धाकटीने ओल्या बाह्या खाली ओढल्या. "पण माझ्या वाटणीचं हिला देऊ नकोस, ताई. ही ते घेऊन काय करील? जिंकली तरी तुझ्यासारखी दाराआड फोटो लावील."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर खाली ओढत होतं.

बाकावर बटणची गुंडाळी केव्हाच झाली होती. तिने ती पुन्हा उलगडली होती आणि पुन्हा गुंडाळली होती. आता ती उठली, कपाटात ठेवून आली आणि मावशीपुढे उभी राहिली.

"म्हणजे मी जाणार की नाही स्पर्धेला?"

"तू सांग," मावशी म्हणाली.

बटणचा चेहरा आंबट झाला. खरं सांगायचं तर तिला जायचं होतं. दुपारपासून तिने स्पर्धेत केस कसे बांधायचे हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. जागा हातात होती, आणि ती हातात आलेली जागा सोडायला सांगणारं कुणी तिथे नव्हतं. आई पण नुसती बघत होती.

"चाचणी झाली आणि मी हरले तर?"

"तर भोंगा जाईल," मावशी म्हणाली.

"मला नाही आवडणार ते."

"मलाही नाही आवडणार."

बटणने आधी आपले तळहात बघितले. मग ती दाराकडे गेली. तिथून वळून तिने विचारलं, "भोंगाचं घर किल्लीवाल्याच्या वर ना? कितव्या मजल्यावर?"

"शेवटच्या," मावशी म्हणाली.

किल्लीवाल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. बटण चालत निघाली, आणि कोपऱ्यावर वळल्यावर पळायला लागली. जिना अरुंद होता, कठड्याचा रंग हाताला लागत होता. सगळ्यांत वरच्या दाराबाहेर भोंगाचे बूट पडले होते, एक इकडे, एक तिकडे, नाड्या न सोडताच ओढून काढलेले.

बटणने दार वाजवलं.

"आई कामावर आहे," आतून आवाज आला.

"मी बटण."

"जा."

"चाचणी आहे. मी मावशीला विचारून आले आहे."

"कशाला आता? मिळाली ना जागा. जा, फोटो काढून ये."

"चाचणीशिवाय नाही जाणार मी."

"आणि हरलीस तर?" आवाज दाराच्या जवळ आला होता.

बटणने यावर विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "तर रडेन," ती म्हणाली.

"मी हरले तर?"

"तर तू रड. तू रडलीस की खालचा किल्लीवाला वर येईल, काय झालं बघायला."

आतून कसलासा आवाज आला. हसू होतं की नाक ओढलं, ते कळलं नाही. दार काही उघडलं नाही. बटण थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दोन्ही बूट गोळा केले, दाराला पाठ लावून पायरीवर बसली, बूट मांडीवर घेतले, आणि नाडीला पडलेली गाठ नखाने सोडवायला लागली.